नाव लागणं

माझ्या भाच्याचं म्हणणं असं की मालमत्ता आधी आली आणि सरकार मागाहून. उद्या सरकार नावाची चीज नाहीशी झाली तरी त्याचा फ्लॅट त्याचाच राहील. राखणीचा खर्च वाढेल एवढंच, आणि राखणीचे पैसे तर आत्ताही आपण सोसायटीच्या वॉचमनला देतोच. तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिशीचा आहे, भरपूर वाचतो. जे वाचतो ते रविवारी जेवायला आला की माझ्यावर तपासून बघतो. मला ते आवडतं. त्याच्या वयाचे बाकीचे मला फक्त तब्येत विचारतात.

"आत्या, सरकारला मध्ये न आणता एकदा विचार करून बघ," असं तो म्हणाला त्याला आता दोनेक वर्षं झाली. मी करून बघितला. तो विचार पुस्तकांत फार वेळ राहिला नाही, आमच्या गावच्या आठ एकरांत जाऊन बसला. कारण मालमत्ता म्हटल्यावर मला तीच दिसते. फ्लॅट ही मालमत्ता आहे असं मला अजूनही मनापासून वाटत नाही. तो बँकेचा आहे आणि काही वर्षांनी बिल्डरच्या नातवाचा होईल.

आधी भाच्याची बाजू नीट मांडते, कारण ती पोकळ नाही.

त्याचं पहिलं उदाहरण आइसलँडचं. इसवी सन ९३० पासून १२६२ पर्यंत तिथे राजा नव्हता, पोलीस नव्हते, अंमलबजावणी करणारं सरकार असं काही नव्हतंच. कायदा होता, वर्षातून एकदा भरणारी मोठी सभा होती, तिथे न्यायनिवाडा होई. पण निकाल हातात आल्यावर तो अमलात आणायचं काम जिंकणाऱ्याचं. तरीही लोकांची शेतं होती, कुरणं होती, मेंढ्या होत्या आणि त्या कोणाच्या हे ठरलेलं होतं. दुसरं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या शास्ता काउंटीतलं. रॉबर्ट एलिक्सन नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकांनी तिथल्या गुराखी शेतकऱ्यांचा अभ्यास करून १९९१ साली पुस्तक लिहिलं. एकाची गुरं दुसऱ्याच्या रानात शिरली तर कायदा काय म्हणतो हे तिथल्या लोकांना धड माहीतही नव्हतं. ते आपसांत भागवत. कोणी कोणाचं कुंपण दुरुस्त करून दिलं, कोणी कोणाची जनावरं सांभाळली, याचा हिशेब मनात ठेवत आणि कोर्टात जाणाऱ्याला वाईट शेजारी समजत.

हे वाचायला मला कॅलिफोर्नियाला जायची गरज नव्हती. आमचा बांध आहे.

बांध कोरणे हा मराठीतला खास वाक्प्रचार आहे. नांगरताना दरवर्षी एक तास पलीकडे घ्यायचं. कोणाच्या लक्षात येत नाही. दहा वर्षांत बांध दोन हात सरकतो आणि त्यावरची बोर, जी पूर्वी मधोमध होती, ती अचानक एका बाजूला उभी दिसते. आमच्या पूर्वेच्या शेजाऱ्याने असंच केलं. आण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, रीतसर मोजणीचा अर्ज केला, पैसे भरले, लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्या. काही महिन्यांनी मोजणीदार आले, सबंध दिवस उन्हात उभे राहिले, त्यांनी हद्द दाखवून दिली, खुणेचे दगड रोवले गेले आणि यथावकाश नकाशाची क प्रत हातात आली. सरकारने आपलं काम चोख केलं होतं. पुढच्या पावसाळ्यात त्यातला एक दगड ओढ्यात सापडला. पोलिसांनी सांगितलं, ही दिवाणी बाब आहे.

दोन वर्षांनी शेजाऱ्याचा ऊस तुटायला आला. त्याच्या रानाला रस्ता नाही. ट्रॅक्टर आमच्या वावरातून जातो, वर्षानुवर्षं जातो. तहसीलदारांकडे अर्ज करून बांधावरून रस्ता मागता येतो, जमीन महसूल अधिनियमात त्यासाठी कलम १४३ आहे. पण कारखान्याची तोड आल्यावर उसाला सुनावणीच्या तारखा समजत नाहीत. आण्णांनी वाट अडवली नाही. ट्रॅक्टर जाऊ दिला, टोळीला पाणी पाजलं आणि संध्याकाळी शेजाऱ्याला म्हणाले, "वाट तुझीच आहे. फक्त बांध जिथला तिथं जाऊ दे." उन्हाळ्यात त्याने बांध स्वतः मागे घेतला. बोर पुन्हा मधोमध आली.

हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो जवळजवळ टाळ्या वाजवायला लागला. हेच तर! सरकारचा नकाशा निरुपयोगी ठरला आणि शेजारधर्माने काम केलं. मी त्याला तेव्हा तेवढं मान्य करून टाकलं, आणि आजही करते. बांध सरकार सांभाळत नाही. विहिरीतल्या पाण्याची पाळीही सांभाळत नाही. आमच्या सामाईक विहिरीवर कोणाचे किती दिवस हे कुठल्याच कागदावर धड नाही, पण रात्री दोन वाजता लाइट आली तरी पाळी ज्याची त्याचीच असते.

हा वाद, म्हणजे 'माझं' हे कायद्याने ठरतं की लोकांनी, आपल्याकडे फार जुना आहे हे मला उशिरा कळलं. याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिणारे विज्ञानेश्वर कल्याणीला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारी होते. अकराव्या शतकाचा शेवट, बाराव्याची सुरुवात. वारसा आणि वाटणीच्या प्रकरणाच्या तोंडीच ते विचारतात की स्वत्व शास्त्रामुळे कळतं की ते लौकिक आहे, लोकव्यवहारातलं आहे? त्यांचं उत्तर लौकिक. आणि त्यांचा पुरावा मला फार आवडतो. शास्त्र ज्यांनी कधी पाहिलंही नाही अशा सीमेपलीकडच्या लोकांतही खरेदी-विक्री चालते, तेव्हा माझं-तुझं त्यांनाही कळतं, असं ते म्हणतात. भाचा ज्याला अमेरिकन पुस्तकांतला विचार समजत होता तो बिदरच्या बाजूला नऊशे वर्षांपूर्वी मांडून झाला होता. शास्त्र म्हणजे सरकार नव्हे, हे खरं. पण राजाबद्दलही आपली परंपरा बऱ्यापैकी सडेतोड आहे. सर्वस्वाचं दान करायच्या यज्ञात राजाने पृथ्वी दान करावी का, असा प्रश्न जैमिनीच्या मीमांसेत आहे आणि उत्तर आहे, नाही. ती सगळ्यांची सारखीच आहे. सतराव्या शतकातल्या नीलकंठ भट्टांचा व्यवहारमयूख हा ग्रंथ इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनी प्रमाण मानला. त्यात तर स्पष्टच आहे की राज्य जिंकणाऱ्या राजाला कर घेण्याचा हक्क मिळतो, जमिनीची मालकी ज्याची त्याचीच राहते.

मराठेशाहीतही हेच दिसतं. जमीन कोणाची, वतन कोणाचं, हा तंटा गोतसभेपुढे जायचा. गावकरी, बलुतेदार, आसपासच्या गावांचे पाटील बसायचे आणि निवाड्याचा महजर व्हायचा. त्यावर सह्या म्हणून निशाण्या: कुणब्याचा नांगर, ज्याचं जे हत्यार ते. मिरासदार दुष्काळात परागंदा झाला, त्याचं रान दुसऱ्याने कसलं, तरी वर्षांनी परत आल्यावर तो आपली मिरास मागू शकत असे, कारण गावाला आठवत असे. गावाची आठवण हीच नोंदवही. ज्याची आठवण गावाला नाही तो उपरी. उपरीने कितीही वर्षं जमीन कसली तरी ती त्याची होत नसे. हा शब्द नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे. लक्ष्मण मानेंनी १९८० साली आपल्या आत्मचरित्राला 'उपरा' हे नाव दिलं, ते उगीच नाही.

मग इंग्रज आले. १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी शेताशेताची मोजणी सुरू केली. तेहेतीस फुटी साखळी, तेहेतीस बाय तेहेतीसचा गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. मिरासदार की उपरी हे त्यांना फारसं पडलं नव्हतं. सारा कोण भरणार ते हवं होतं. जो भरेल त्याचं नाव. लोक विंगेटला सारावसुलीचा माणूस म्हणून ओळखतात आणि ते बरोबरच आहे, पण नकळत त्याने एक विचित्र गोष्ट केली. त्याच्या वहीत नाव लागायला गावाच्या आठवणीत असणं जरुरीचं राहिलं नाही.

आजचा सातबारा त्याच वहीचा नातू. आणि इथे भाच्याला एक मुद्दा मी आपण होऊन दिला, कारण वाद प्रामाणिकपणे घालायचा असतो. सातबारा हा मालकीचा पुरावा नाही. गावात हे कोणाला सांगितलं तर लोक वेड्यात काढतील. सातबाऱ्यासाठी खून पडलेत. पण सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत म्हटलंय की फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही, ती महसुलापुरती आहे. कायदा इतकंच म्हणतो की नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरावी. दस्त नोंदवतो ते दुय्यम निबंधकही दस्त नोंदवतात, मालकीची हमी देत नाहीत. म्हणजे ज्या सरकारशिवाय मालमत्ता टिकणार नाही असं मी म्हणते, ते सरकारसुद्धा 'ही जमीन तुझी' असं छातीठोकपणे म्हणत नाही. ते म्हणतं, सध्या तरी तुझी दिसते आहे. उलट दुसऱ्याने उघडपणे, मालकासारखी, तुझी जमीन बारा वर्षं ताब्यात ठेवली आणि तू गप्प बसलास तर तुझा दावाच संपतो. सरकारी जमीन असेल तर तीस वर्षं. वहिवाट म्हणतात ती इतकी ताकदीची असते. भाचा खूश झाला. म्हणाला, मग सरकारने काय केलं?

सरकारने काय केलं ते सांगते. आमची आठ एकर जमीन १ एप्रिल १९५७ रोजी आमची झाली.

त्या आधी दोन पिढ्या आमचे लोक तीच जमीन कसत होते. मालक तालुक्याच्या गावात राहात. सुगीला यायचे आणि वाटा घेऊन जायचे. कूळकायदा १९४८ चा, आणि त्यात नंतर दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी कसणारी कुळं कायद्याने जमिनीची खरेदीदार मानली गेली. पुढे चौकशी झाली, किंमत ठरली, हप्ते भरले, प्रमाणपत्र मिळालं. आजोबा तो कागद पत्र्याच्या डब्यात, कापडात गुंडाळून ठेवत. एकदाच त्यांनी तो मला उघडून दाखवला. वाचता त्यांना येत नव्हतं.

माझ्या भाच्याचं तत्त्वज्ञान ज्या मुळावर उभं आहे ते इंग्लंडच्या जॉन लॉकचं, सतराव्या शतकातलं. कोणाचीच नसलेली जमीन ज्याने कष्ट घालून पिकवली ती त्याची, मात्र इतरांनाही पुरेसं उरलं पाहिजे. छान आहे. त्या हिशेबाने आजोबाच मालक ठरायला हवे होते, १९५७ च्या कितीतरी आधी. पण गावाला विचारलं असतं तर गाव काय म्हणालं असतं? जमीन सावकाराची आणि कष्ट यांचे. शेजाऱ्यांनी एकमुखाने सावकाराचीच मालकी मानली असती, कारण त्यांनी ती नेहमीच मानली होती. गोतसभा बसली असती तर तिने नांगराची निशाणी करून तसाच महजर दिला असता. सावकाराच्या घरात त्या कायद्याला आजही चोरी म्हणतात, आणि त्यांच्या जागी उभं राहून बघितलं तर मला ते समजतं. त्यांच्याही आजोबांनी ती जमीन काही लुटून आणली नव्हती. सरकारने एकाचं काढून दुसऱ्याला दिलं. माझ्या भाच्याचं शिक्षण त्या आठ एकरांच्या उसावर झालं आहे, हे मी त्याला एका रविवारी सांगितलं. त्या दिवशी तो भात न घेताच उठला. पुढच्या रविवारी आला मात्र.

आणि आला तो कोयना घेऊन. त्याचंही बरोबर होतं. जे सरकार देतं ते नेतंही. कोयनेच्या धरणाखाली ज्यांची गावं गेली ते लोक साठ वर्षांनंतरही जमिनीच्या बदल्यात जमीन मागत आंदोलनं करत होते. त्यांना शेजाऱ्यांनी लुटलं नव्हतं. भूसंपादनाचा १८९४ चा कायदा स्वतंत्र भारताने २०१३ पर्यंत वापरला, आणि मालमत्तेचा हक्क घटनेतल्या मूलभूत हक्कांच्या यादीतून १९७८ साली काढून कलम ३००-अ मध्ये ठेवला, म्हणजे कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता घेता येणार नाही इतकाच. कायदा केला की घेता येते. यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि असायलाही नको. सरकारची वकिली करायला मी बसलेली नाही.

मला अडतं ते दुसरीकडे. एसटी फलाटाला लागत असताना खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, ते आठवा. कंडक्टरचा त्यात संबंध नसतो, नियम कुठे लिहिलेला नसतो, आणि तरी मागून चढलेला माणूस रुमाल बघून पुढे सरकतो. सरकारशिवायची मालमत्ता याहून स्वच्छ बघायला मिळणार नाही. पण मी वर्षानुवर्षं त्या गाडीने गेले आहे. रुमाल कोणाचा आहे हे बघून लोक तो मानतात. ओळखीच्या गुरुजींचा रुमाल दोन सीट धरून ठेवतो. मोळी घेऊन बाजाराला निघालेल्या कातकरी बाईने ठेवलेलं गाठोडं कोणीतरी सहज उचलून खाली ठेवतं आणि बसतं. ती काही बोलत नाही. बाकीची गाडीही काही बोलत नाही.

आता माझी आत्या.

आजोबा १९८९ साली गेले. वारसनोंद झाली तेव्हा दोन मुलगे आणि दोन मुली, चौघांची नावं लागली. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा होता म्हणून तलाठ्याला ती लावावीच लागली. गावाच्या दृष्टीने ती चूक होती. चूक म्हणजे वाईट नव्हे, कारकुनी. ती दुरुस्त करण्याची रीतही ठरलेली. बहिणींना साडी-चोळी करून बोलवायचं, जेवू घालायचं आणि हक्कसोड पत्रावर सही घ्यायची. माहेर तुटू नये म्हणून बहिणी करतात. धाकट्या आत्याने केली. थोरली विधवा होती, दोन मुलं पदरात आणि सासरचा आधार नाही. तिने जेवण केलं, साडी परत ठेवली आणि सही केली नाही.

ती भांडली नाही. "राहू दे की माझं नाव. तुम्हाला काय टोचतंय?" एवढंच म्हणाली. पण पुढची बरीच वर्षं आमच्या घरी तिची भाऊबीज झाली नाही. ज्या आण्णांनी ट्रॅक्टर अडवला नाही, टोळीला पाणी पाजलं, बांधाचा तंटा इतक्या सुरेख रीतीने मिटवला, तेच आण्णा सख्ख्या बहिणीला दारात घेत नव्हते. गावानेही कधी आत्याची बाजू घेतली नाही. त्यांना ती दुष्ट वाटत होती असं नाही. त्यांच्या आठवणीच्या वहीत मुलीचं पान नव्हतं, एवढंच. शास्ता काउंटीत कोर्टात जाणारा वाईट शेजारी. आमच्याकडे नाव न सोडणारी वाईट बहीण. ज्या समजुतीने बांध मागे आला, त्याच समजुतीने आत्या बाहेर राहिली. या दोन समजुती वेगळ्या करता येतील का याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला त्या वेगळ्या करता आल्या नाहीत. आण्णा आणि शेजारी यांना एकमेकांची गरज होती, उद्याही असणार होती, म्हणून ते भागवू शकले. आत्याकडे अडवायला वाट नव्हती.

विज्ञानेश्वरांकडे परत गेले तेव्हा हीच गोष्ट तिथे सापडली. स्वत्व लौकिक आहे हे सिद्ध करून त्यांना पुढे काय म्हणायचं आहे? वडिलार्जित मिळकतीत मुलग्याला जन्मतःच हक्क असतो, आणि ते लोकांत प्रसिद्धच आहे. लोकांत प्रसिद्ध! वैयक्तिकरीत्या ते स्त्रियांच्या बाबतीत बरेच उदार. स्त्रीधनाची त्यांची व्याख्या त्या काळाच्या मानाने मोठी आहे आणि कुमारिकांना चौथा हिस्सा द्या असंही ते सांगतात. पण लोकांत जे प्रसिद्ध नव्हतं ते, म्हणजे मुलीचा जन्मसिद्ध हक्क, त्यात येणार कसा? तो आला कायदेमंडळातून. महाराष्ट्रात १९९४ साली, त्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. देशभर २००५ साली. लोक अजूनही त्यापर्यंत पोचलेले नाहीत, हक्कसोडीच्या पंगती चालूच आहेत.

मधल्या काळात तालुक्यातल्या एका माणसाचा निरोप आत्याला आला. वादातले हिस्से विकत घेणं हा त्याचा धंदा. तुझा अविभक्त हिस्सा मला लिहून दे, निम्म्या भावाने रोख देतो, भावांशी काय ते मी बघतो. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो गप्प झाला, कारण आइसलँडमध्येही हीच सोय होती आणि ती त्याला फार हुशारीची वाटत असे. ज्याच्यात निकाल अमलात आणायची ताकद नाही त्याने आपला दावा ताकदवानाला देऊन टाकायचा. आत्याने दिला नाही. "मला जमीन पाहिजे होती, भावाचं वाटोळं नको होतं," असं ती मला नंतर म्हणाली.

आत्याला वाचवलं ते काय? पोलीस आले नाहीत, कोर्टात ती गेली नाही, तलाठ्याने तिच्यासाठी काही केलं नाही. फक्त तिचं नाव होतं. तिच्या सहीवाचून आण्णांना वाटप पुरं करता येत नव्हतं, सबंध आठ एकर विकता येत नव्हती. सगळ्या गावाने नाही म्हटलं तरी एक निर्जीव वही होय म्हणत होती, आणि त्या वहीला आण्णांचा रागही कळत नव्हता आणि आत्याचं वैधव्यही.

आत्या तरी वहीत होती. गायरानावर कसणाऱ्यांचं बघा. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारो लोक तुरुंगात गेले. मराठवाड्यात दलित कुटुंबांनी पडीक गायरानं फोडून शेतं केली. लॉकला हवे तसे कष्ट घातले. शेजाऱ्यांनी ते मानलं नाही, पिकांत गुरं सोडली, घरं जाळली. सरकारच्या दृष्टीने ते अतिक्रमण करणारे. गाव नमुना १-ई नावाची अतिक्रमणांची नोंदवही असते. आणि हे लोक काय करतात, तर त्या वहीत आपलं नाव लागावं म्हणून तलाठ्याकडे खेपा घालतात, दंड झाला तर दंडाची पावती जपून ठेवतात. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचं सरकारने ठरवलं तेव्हा आपण तिथे होतो हे सांगायला त्या पावतीखेरीज त्यांच्याकडे काय होतं? माझं आहे असं म्हणणारा कागद मिळत नाही, तर निदान मी चोर आहे असं म्हणणारा तरी द्या. सरकारशिवाय मालमत्ता असू शकते का, हा प्रश्न मी आता त्या पावतीजवळ जाऊन विचारते. भाच्याच्या फ्लॅटजवळ तो विचारण्यात अर्थ नाही. त्याचा फ्लॅट त्याचा आहे हे सगळ्यांना मान्यच आहे.

भाचा हरला असं समजू नका. तो म्हणतो की मी सांगते ते फार तर एका चांगल्या वहीचं समर्थन झालं. वही ठेवायला सरकार कशाला, कॉम्प्युटरवर सगळ्यांना दिसेल आणि कोणालाच खोडता येणार नाही अशी ठेवता येते. असेलही. मी त्याला विचारलं की त्या वहीत १ एप्रिल १९५७ कशी लिहिशील? सावकाराने बटण दाबलं नसतं. त्यावर तो विचार करतो आहे.

आण्णा २०१९ मध्ये गेले. वाटप झालं ते त्यानंतर, आमच्या पिढीने केलं. थोरल्या आत्याच्या नावावर दोन एकर लागली, स्वतंत्र सातबारा झाला. धाकटीने सोडलेलं सोडलेलंच राहिलं. थोरली आता ऐंशीच्या पुढे आहे. शेत तिने आण्णांच्या मुलालाच अर्ध्या वाट्याने लावलं आहे, तिला दुसरं कोण कसून देणार. उतारा तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवला आहे. गेल्या मार्गशीर्षात ती मला घेऊन रानात गेली. पोटहिश्शाची मोजणी अजून झालेली नाही, दगड नाहीत, सगळीकडे एकच ऊस. "माझं इथनं सुरू होतं का गं?" तिने विचारलं. आण्णांचा मुलगा पाण्याच्या पाइपाशी खाली बसला होता, तो उठून आला, दहा पावलं अलीकडे सरकला आणि म्हणाला, "इथनं, आत्या. या पाटापासनं." ती त्या पाटापर्यंत गेली आणि पलीकडे पाय टाकून उभी राहिली.